वर्षश्राद्धाचा पॉट रोस्ट

कावळा काही येईना.

म्हणजे कावळे होते. मागच्या ओकवर पाच-सहा जण पंख फुगवून बसले होते आणि डेकच्या कठड्यावर ठेवलेल्या पानाकडे टक लावून बघतही होते. खाली उतरायचं मात्र नाव नाही. पानात काही कमी होतं म्हणावं, तर तेही नाही. वरण-भात, तांदळाची खीर, वडे, आमसुलाची चटणी, घोसाळी न मिळाल्यामुळे झुकिनीची भजी. केळीचं पान एशियन स्टोअरच्या फ्रीझरमधून आणलेलं होतं. ते घरात कसंबसं मऊ झालं होतं आणि बाहेर ठेवल्याबरोबर परत ताठ झालं. मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीतला नोव्हेंबर कोणाच्या श्राद्धाची पर्वा करत नाही.

कठड्याशी सिद्धेश हात जोडून उभा होता. कमरेला सोवळं, सोवळ्याखाली थर्मल आणि वर वडिलांचाच जुना पार्का. त्याच्या शेजारी पुण्याहून आलेला त्याचा मनोहरकाका, कानटोपी हनुवटीखाली बांधून. सिद्धेशची आई सुवर्णा काचेच्या सरकत्या दाराआडून दोघांच्या पाठी बघत होती. दिगंबरला जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्याच्या पानाला कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही असं तिच्या धाकट्या दिराने सकाळीच जाहीर करून टाकलं होतं.

मनोहरचं हे दुखणं वर्षभराचं होतं. गेल्या साली दहाव्याच्या दिवशी असं वादळ आलं की कावळे सोडाच, बर्फ उपसणारी गाडीसुद्धा रस्त्यावर फिरकली नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला त्याचा स्पर्श करवला. शास्त्रात तशी सोय आहे. पण मनोहरला तेव्हा व्हिसा वेळेत मिळाला नव्हता. पुण्यात बसून फोनवर त्याने हे ऐकलं आणि ते त्याच्या मनात रुतलं ते रुतलंच. गवताच्या कावळ्याने शिवलेलं आपल्या दादाला पोचलं असेल, यावर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. म्हणून यंदा तो बायकोला, कांचनला घेऊन जातीने हजर झाला होता.

"दादाची इच्छा राहिलीय," मनोहर म्हणाला. "सिद्धेश, वचन दे काहीतरी. त्याशिवाय तो हलायचा नाही."

सिद्धेशने घसा साफ केला. ऑफिसात प्रेझेंटेशन द्यायच्या आधी तो असाच करत असणार. "बाबा, आईचं टेन्शन घेऊ नका. मी तिला आमच्याकडे प्लेनोला घेऊन जातो. हे घर स्प्रिंगमध्ये मार्केटवर टाकतो. तिला बर्फात एकटीने ड्राइव्ह करायला लागणार नाही."

ओकवरच्या एका कावळ्याने मान वळवली आणि चोच पंखात खुपसली.

"बघितलंस? प्लेनो त्याला मान्य नाही," मनोहर म्हणाला आणि पुढे सरसावला. "दादा, मी बोलतोय. वहिनींना मी पुण्याला नेतो. देवघराशेजारची खोली रंगवून ठेवलीय. कांचन आहे, मी आहे. त्या आनंदात राहतील."

कावळा ढिम्म.

"असं करू या काका," सिद्धेश म्हणाला. "सहा महिने प्लेनो, सहा महिने पुणे. विंटर तुमच्याकडे."

"चालेल. पण चातुर्मास धरून."

"मग विंटर कसा होईल? ते जुलैत सुरू होतं ना?"

असे ते दोघे डेकवर उभे राहून, थंडीने ओठ थरथरत असताना, तिची वाटणी करत राहिले. आपलं पुढचं आयुष्य कुठे जाणार हे सुवर्णाला असं कळलं, कावळ्याला दिलेल्या वचनातून. आधी कोणी तिला विचारलं नव्हतं. मागून विचारायचाही कोणाचा बेत दिसत नव्हता. तिला राग आला, पण उपाशीपोटी आणि श्राद्धाच्या दिवशी रागवायचं कसं हे तिला उमगेना. हे घर तिचं होतं. लायब्ररीतलं तिचं काम, दर गुरुवारी पोहायला जायचं, समोरच्या बाईबरोबर फुटपाथवरचा बर्फ उपसत केलेल्या गप्पा, हे सगळं तिचं होतं. आणि ते सगळं मे महिन्यात विक्रीची पाटी लावून बागेत उभं करायचं ठरत होतं.

एवढ्यात कठड्यावरून एक खार आली. तिने सावकाश पानाची पाहणी केली, एक वडा उचलला आणि निघून गेली.

"खार चालते का हो?" कांचनने आतून विचारलं.

"खार कशी चालेल?" मनोहर वैतागला.

"नाही, इकडच्या पद्धतीने म्हटलं."

सुवर्णाने दार सरकवलं आणि ती डेकवर आली. तिला माहीत होतं. सकाळी वरणाला फोडणी देतानाच माहीत होतं, फक्त म्हणायचा धीर होत नव्हता.

"यांना पॉट रोस्ट हवा असेल," ती म्हणाली.

सिद्धेशने डोळे मिटून घेतले. "आई, प्लीज. आत्ता नको."

"ते काय असतं?" कांचनने विचारलं.

"एक टाइपचा रस्सा असतो काकू," सिद्धेश घाईघाईने म्हणाला. "कांदे, गाजर, बटाटे असं सगळं घालून."

"मग करू की. बटाटे आहेत घरात."

"अँड बीफ," राधिका म्हणाली. ही सिद्धेशची बायको. जन्मली न्यू जर्सीत, मराठी शिकली आजीकडून, पण मराठीत गोष्ट अर्धवट कुठे सोडायची असते हे तिला आजीने शिकवलं नव्हतं. "मेनली बीफ असतं त्यात, काकू."

मनोहर मागच्या खुर्चीवर बसला. खुर्चीत बर्फ साठलेला होता, पण त्याला ते कळलं नसावं.

"दादा?" तो म्हणाला. "माझा दादा?"

"हो," सुवर्णा म्हणाली.

"कधी?"

"रविवारी."

"कुठल्या रविवारी?"

"सगळ्याच, भावजी."

मनोहरने सिद्धेशकडे पाहिलं. सिद्धेश सोवळ्याच्या निऱ्या तपासू लागला. सगळं लहानपण त्याने तो रोस्ट बोटं चाटून खाल्ला होता, पण काकांसमोर तो गेली कित्येक वर्षं शुद्ध शाकाहारी होता आणि आज ते बदलायची त्याची तयारी नव्हती. कांचनने तोंडाला पदर लावला. आणि नेमका तेव्हाच ओकवरून एक कावळा ओरडला. चांगला खणखणीत, एकदाच.

मनोहर हळूहळू उठला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून सुवर्णाला त्याची दयाच आली. एका बाजूला त्याचा धर्म होता आणि दुसऱ्या बाजूला लोंबकळत राहिलेला भाऊ.

"गुरुजींना फोन लावा," तो म्हणाला.

श्रीराम गुरुजी आठवडाभर एका कंपनीत डेटाबेस सांभाळत आणि शनिवार-रविवार सगळ्या मिनियापोलिसच्या सत्यनारायणांना पुरे पडत. सकाळचे मंत्र आटोपून ते एका वास्तुशांतीला गेले होते. सिद्धेशने फोन स्पीकरवर टाकला. मनोहरने प्रश्न असा काही गोल फिरवून विचारला की गुरुजींनी तीनदा "हां, मग?" केलं. मग राधिकाने एका वाक्यात सांगून टाकलं.

पलीकडे बराच वेळ कोणाच्या तरी नव्या घरातली पोरं पळताना ऐकू येत राहिली.

"मृताला आवडणारा पदार्थ पानावर असावा," गुरुजी शेवटी म्हणाले. "हे शास्त्र आहे. पदार्थ कोणता ते मला ऐकू आलं नाही. इथे सिग्नल वीक आहे. जे काय असेल ते सूर्यास्ताच्या आत ठेवा. आणि मी काही बोललो नाही."

फोन बंद झाला आणि मनोहरच्या अंगात एकदम बळ आलं. आता हे पाप राहिलं नव्हतं, कर्तव्य झालं होतं, आणि कर्तव्य म्हटलं की मनोहरचा हात कोणी धरू शकत नसे. स्वयंपाक घरात होणार नाही, गराजमध्ये होईल. भांडं वेगळं. तिथे वावरणाऱ्याने आंघोळ केल्याशिवाय देवघराकडे फिरकायचं नाही. सुवर्णा मान डोलवत राहिली. तीस वर्षं हा रोस्ट स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये होत होता आणि कालच कांचनने त्याच ओव्हनमध्ये नानकटाई केलीय, हे सांगून कोणाचंच भलं होणार नव्हतं. मनोहरने तर चहाबरोबर सात-आठ खाल्ल्या होत्या.

मांस आणायला सिद्धेश निघाला तर मनोहरही निघाला. दादाचं काम आहे, त्यात चूक नको. दोघे परत आले तेव्हा मनोहर समाधानी दिसत होता आणि सिद्धेशचे कान लाल झाले होते.

"चक रोस्टच आणलास ना?" सुवर्णाने विचारलं. "खांद्याचा, स्वस्तातला? महागाचा नाही चालत याला."

"तोच आणला. आई, काकांनी त्या मीट काउंटरवरच्या माणसाला विचारलं की हा प्राणी नर होता की मादी."

"मग? विचारायला नको?" मनोहर म्हणाला. "गाय असती तर? तो म्हणाला स्टिअर आहे. मी दोनदा खात्री करून घेतली. बैल आहे."

"अहो, पण बैल म्हणजे नंदी," कांचन म्हणाली. "पोळ्याला आपण त्याला पुरणपोळी भरवतो."

"तो आपला बैल. हा इथला."

मनोहरने पुण्याहून आणलेली गोमूत्राची बाटली काढली आणि त्या बैलावर उपाय म्हणून गराजभर शिंपडली. राधिका हे बघत उभी होती. ती काहीतरी बोलणार होती, पण सुवर्णाने तिच्याकडे पाहिलं आणि तिने तोंड मिटून घेतलं.

गराजमध्ये एक इलेक्ट्रिक शेगडी होतीच, उन्हाळ्यात भजी तळायची. सुवर्णाने ती कामाच्या टेबलावर ठेवली, सिद्धेशने गाडी बाहेर काढली, आणि ती स्वेटरच्या बाह्या सारून कामाला लागली. मांसाचा तुकडा कागदाने टिपून कोरडा केला. मीठ आणि मिरपूड चोळली. जाड बुडाचं बिडाचं भांडं तापायला ठेवलं आणि त्याच्याजवळ हात नेता येईना इतकं तापू दिलं. मग तेल, मग तुकडा. एक बाजू पक्की तांबूस झाल्याशिवाय उलटायचा नाही, ढवळाढवळ करायची नाही. हे तिला मिसेस लुंडने शिकवलं होतं. लग्न होऊन ती आली तेव्हा दिगंबर शिकत होता आणि दोघं त्या म्हातारीच्या तळघरात राहायचे. पहिला हिवाळाभर सुवर्णाने वरच्या मजल्यावरून येणाऱ्या त्या वासाला नाक दाबलं. मग एकदा असा बर्फ पडला की तळघराचं दार उघडेना, घरात तांदूळ संपले, आणि मिसेस लुंड जिन्यावरून एक झाकलेलं भांडं घेऊन खाली आली. दिगंबर घेऊ की नको करत बसला. सुवर्णाने झाकण काढलं.

तेव्हापासूनचं होतं ते. दोघांचं. मिसेस लुंड वाइन घालायची, सुवर्णाने पुढे आमसुलं घातली. दोन लवंगा आणि चमचाभर गोडा मसाला हळूच आत शिरला. दिगंबर गेल्यापासून मात्र तिने एकदाही केला नव्हता. एवढा मोठा तुकडा एकटीसाठी कोण शिजवतं, असं ती मनाला सांगायची. खरं म्हणजे ते भांडं काढलं की रडू येईल याची तिला भीती होती. आता आलं थोडंसं. कांदे चिरत होती म्हणून चालून गेलं.

तुकडा काढून ठेवला. त्याच भांड्यात कांदे परतले, बुडाला चिकटलेलं सगळं पाण्याने सोडवलं, गाजरं घातली, आमसुलं घातली, मांस परत आत ठेवलं. पाणी अर्ध्यापर्यंतच. वर झाकण, आणि आच अगदी मंद.

"आता?" मनोहरने दारातून विचारलं. त्याने रुमालाने नाक बांधलं होतं.

"आता काही नाही. वाट बघायची."

"सूर्यास्त पावणेपाचला आहे, वहिनी. मोठी करा ना आच."

"मोठी केली तर चामडं होईल."

"कावळ्याला चिवट चालतं."

"यांना चालत नसे," सुवर्णा म्हणाली. मनोहर दार ओढून घेऊन गेला.

राधिका कोट घालून आली आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली. तिच्या घरात मांस येत नसे. जनावरांसाठी म्हणून तिने कॉलेजात असतानाच सोडलं होतं आणि सिद्धेशलाही सोडायला लावलं होतं, निदान घरात तरी. तरी ती या वासात बसली होती, याचं सुवर्णाला बरं वाटलं.

"आई, तुम्हाला यायचंय का प्लेनोला?" तिने विचारलं.

सुवर्णाच्या हातातली पळी थांबली. हा प्रश्न आज पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

"नाही गं."

"आणि पुण्याला?"

"पुण्यालाही नाही. मला इथेच राहायचंय. माझ्या घरात."

"मग सांगा ना त्यांना. जस्ट से इट."

"काय सांगू? ते प्रेमानेच म्हणतायत ना. खोली रंगवलीय म्हणे." सुवर्णाने झाकण किंचित उचलून पाहिलं. "आणि राधिका, हे मी फक्त यांच्यासाठी करत होते असं ते समजतायत. मीही खाते. मला फार आवडतं. तुझ्याकडे राहिले तर मला रविवारी हे करता येणार नाही. आणि देवघराशेजारच्या खोलीत तर आठवणसुद्धा काढता येणार नाही."

राधिका हसली नाही. थोडा विचार करून म्हणाली, "आमच्याकडे खरंच नाही चालणार. आय ॲम सॉरी. पण तुम्ही ते त्यांना सांगत नाही तोपर्यंत ते तुम्हाला पॅक करत राहणार."

दर थोड्या वेळाने कोणी ना कोणी येत होतं. सिद्धेश आला, गाडी बाहेर असूनही टायरची हवा चेक करायला आलो म्हणाला आणि भांड्यावर वाकून इतका लांब श्वास घेतला की राधिकाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. कांचन आली, दारातूनच म्हणाली, "ताई, वास कटाच्या आमटीसारखा येतोय हो." आणि स्वतःच्याच बोलण्याने दचकून परत गेली. मनोहर सुईने टोचून बघा म्हणून सांगायला आला. सुवर्णाने काट्याने टोचलं. काटा अजून अडत होता. मनोहर डेकवर गेला आणि सूर्याकडे बघत उभा राहिला, जणू धरूनच ठेवणार होता.

उन्हं ओकच्या शेंड्यावर गेली तेव्हा काटा आत गेला आणि मांस आपणहून दोन बाजूंना सुटलं. नव्या पानावर भात, भातावर तो तुकडा, वर थोडा रस्सा. वाफ येत होती. ते पान कठड्यापर्यंत न्यायचं कोणी यावर पुन्हा खल झाला. मनोहर आंघोळ करून परत सोवळ्यात होता, सिद्धेशही सोवळ्यात होता, कांचनने कानांवर हात ठेवले. शेवटी सुवर्णाच घेऊन गेली.

पान ठेवल्याबरोबर मनोहर आणि सिद्धेश दोघांनी एकदमच सुरुवात केली. "दादा, वहिनींना मी" आणि "बाबा, आईला आम्ही" हे एकमेकांत मिसळून गेलं. सुवर्णाने फक्त खालच्या आवाजात म्हटलं, "मऊ झालंय हो."

पुढचं सगळं इतक्या झपाट्यात झालं की कोणाचंच वचन पुरं झालं नाही. ओकवरून काळं काहीतरी सुटलं, कठड्यावर आदळलं, आणि एक भला दांडगा कावळा तुकड्यात चोच रुतवून ओढू लागला. मागून दुसरा आला. मग संध्याकाळी शहराकडे परतणारा सगळा थवाच वळला. डेकवर पंखच पंख झाले. भात उडाला, पान उडालं, मनोहरची कानटोपी खाली पडली. पलीकडच्या घरातली बाई खिडकीत येऊन बघू लागली. सिद्धेशने तिला हात केला, जसं काही दर शनिवारी असंच असतं.

मनोहर रडत होता. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसायचं सुचत नव्हतं. "पोचलं," तो म्हणत होता. "पोचलं माझ्या दादाला." सुवर्णाला वाटलं, जाऊन याच्या पाठीवर हात ठेवावा. तिने ठेवला.

पण हात काढायच्या आतच वाद सुरू झाला.

"पुण्याचं नाव काढलं आणि आला," मनोहर नाक पुसत म्हणाला.

"काका, मी आधी बोललो. प्लेनो म्हणालो आणि तो सुटला."

"तू नुसतं 'आईला आम्ही' म्हणालास. पुढचं मी ऐकलं नाही."

"तुम्हीही पुढचं बोलला नाहीत."

जेवायला बसले तरी तेच चाललं होतं. सगळे दिवसभराचे भुकेले होते, वरण-भातावर ताव मारत होते, आणि वास घरभर दरवळत होता. गराजचं दार कितीही ओढलं तरी ते नीट लागत नव्हतं. हळूहळू काका-पुतण्यांचं जमलं. हिवाळ्यात पुणे, उन्हाळ्यात प्लेनो. तिकिटं सिद्धेश काढेल. सुवर्णाने भाताचे दोन घास घेतले आणि थांबली.

"ताई, मला तर तुमचं नवल वाटतं," कांचन म्हणाली. तिचे डोळे खरंच भरून आले होते. "तीस वर्षं. नवऱ्यासाठी त्या वस्तूला हात लावायचा, नाक दाबून शिजवायची, आणि कधी कोणाला बोलून दाखवलं नाहीत. आमच्याच्याने झालं नसतं बाई."

"खरं आहे," मनोहर म्हणाला. दादाचं खाणं त्याने आता पोटात घातलं होतं. परदेश, थंडी, कामाची धावपळ, त्याला किती कारणं सापडली होती. "वहिनी, तुम्ही फार सोसलंत. आता तुमचे हाल संपले. पुण्यात ते भांडं तुमच्या नजरेलासुद्धा पडणार नाही. मी उद्याच ते बाहेर टाकून देतो."

सुवर्णा उठली. राधिका तिच्याकडे बघत होती. सुवर्णा गराजमध्ये गेली, दोन फडक्यांनी ते बिडाचं भांडं उचललं आणि आणून जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं. झाकण काढलं. कांचनची खुर्ची करकरत मागे गेली.

सुवर्णा आपल्या जागी बसली. भात बाजूला सारला आणि एक तुकडा वाढून घेतला. वर रस्सा, वर एक गाजर. मग सगळे बघत असताना तिने घास तोंडात घातला आणि सावकाश चावला. चांगला झाला होता. मीठ किंचित जास्त, ते रडण्यामुळे असेल.

"वहिनी," मनोहर म्हणाला.

"भावजी, मी यांच्यासाठी शिजवत नव्हते," सुवर्णा म्हणाली. "म्हणजे यांच्यासाठीही. पण आवड माझी होती. पहिला घास मी खाल्ला. ते भिडस्त, मागून आले. पुढे तर ते बटाटेच जास्त खायचे आणि मांस माझ्या पानात सरकवायचे. मला कोणी सोसायला लावलं नाही. मी मजेत होते."

तिने आणखी एक घास घेतला.

"पुण्याला तुमच्या देवघराशेजारी मी हे खाणार नाही. तुमचं घर आहे, तुमचा मान आहे. आणि राधिकाच्या घरी तिचा नियम आहे, तोही बरोबर आहे. म्हणून मी कुठेच येणार नाही. मी इथे राहणार. बर्फात गाडी मला चालवता येते, यांना मीच शिकवली होती."

"पण वहिनी, आम्ही दादाला वचन दिलंय," मनोहर म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "कावळा शिवलाय."

"रोस्टला शिवलाय, भावजी. वचनं तर सकाळपासून देत होतात."

हे तर्कशास्त्र मनोहरचंच होतं, त्यामुळे त्यातून निसटायला त्याला वाट दिसेना. तो पायाखालची जमीन गेल्यासारखा आपल्या ताटाकडे बघत बसला. कांचन उठून उभी होती, पण गेली नव्हती. गेली असती तर पुढचं दिसलं नसतं.

सिद्धेशने आपलं ताट उचललं. एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा काकांकडे. कान परत लाल झाले होते. त्याने ताट आईपुढे धरलं.

"कडेचा दे," तो हळूच म्हणाला.

तिने त्याला कडेचा दिला. राधिकाने छताकडे बघून एक उसासा टाकला आणि खिरीची वाटी जवळ ओढली. मनोहरने खुर्ची टेबलाच्या अगदी टोकाला नेली, भांड्याकडे पाठ केली, ताट मांडीवर घेतलं आणि तिथे बसून वरण-भात खायला लागला. उठून मात्र गेला नाही.

बाहेर अंधार पडला होता. सुवर्णाला भूक होती, वर्षभराची. तिने पळी भांड्यात घातली आणि सगळ्यांच्या देखत आणखी एक तुकडा वाढून घेतला.